भातपेंढ्यास वृक्षपाल्याची जोड : जनावरांचे खाद्यसेवन व वाढ यांवरील परिणाम

प्रस्तावना :
भिवंडीची ओळख यंत्रमागांचे शहर अशी असली, तरी भिवंडी तालुक्याचा ग्रामीण भाग भातशेतीचा आहे. पावसाळा सरल्यावर तेथील गाईगुरांची मुख्य वैरण म्हणजे भाताचा पेंढा. ही वैरण पोट भरते, परंतु पोषण करीत नाही. अशा वैरणीस शेवरी, गिरीपुष्प वा सुबाभूळ यांच्या पाल्याची जोड दिल्यास काय घडते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाल्याचे कार्य :
रवंथ करणाऱ्या जनावरांत तंतुमय वैरणीचे पचन कोटीपोटातील सूक्ष्मजीव करतात. त्यांच्या वाढीस नत्र लागते. आहारातील कच्ची प्रथिने सुमारे ७ टक्क्यांखाली गेल्यास सूक्ष्मजीवांचे कार्य मंदावते, पेंढा पोटात अधिक काळ राहतो आणि परिणामी जनावर कमी खाते. पेंढ्यात ही प्रथिने साधारण ४ टक्के, तर सुबाभळीच्या पाल्यात शुष्क वजनाच्या २० ते २५ टक्के असतात.

उदाहरणार्थ, ६ किलो शुष्क आहार घेणाऱ्या जनावरास केवळ पेंढ्यातून २४० ग्रॅम प्रथिने मिळतील. त्यातील १ किलो पेंढ्याऐवजी तितकाच शुष्क पाला, म्हणजे सुमारे ४ किलो हिरवा पाला दिल्यास हे प्रमाण ४२० ग्रॅम, अर्थात ७ टक्के होते. पाला स्वतः पोषक आहेच. शिवाय तो पेंढ्याचे पचनही सुधारतो. मात्र तो अतिरिक्त दिल्यास जनावर पेंढा सोडून पालाच खाते व ही जोड पूरक न राहता पर्यायी ठरते.

मर्यादा :
'वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक' हा समज येथे टिकत नाही. उरुळीकांचन येथे १९६७ साली मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने सुबाभळीचा महाराष्ट्रात प्रसार केला. या झाडात मायमोसिन हे विषारी द्रव्य असते. त्यापासून कोटीपोटात बनणारा घटक अवटू ग्रंथीच्या कार्यात बाधा आणतो; केस गळतात, वजन घटते. हवाई बेटांवरील शेळ्यांना मात्र ही बाधा होत नाही, असे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना आढळले. त्यांच्या कोटीपोटातील जिवाणू तो घटक नष्ट करीत होते. १९९२ मध्ये या जिवाणूस 'सिनर्जिस्टिस जोन्सी' हे नाव मिळाले. म्हणजेच पाल्याचा परिणाम खाणाऱ्याच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीवांवरही अवलंबून असतो. म्हणून सुबाभूळ एकूण आहाराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी ठेवावी व हळूहळू सुरू करावी. घोडा, डुक्कर यांसारख्या रवंथ न करणाऱ्या प्राण्यांबाबत विशेष सावधगिरी आवश्यक आहे.

स्थानिक निवडही महत्त्वाची आहे. आम्लधर्मी व पाणथळ जमिनीत सुबाभूळ नीट वाढत नाही. भाताच्या बांधावर शेवरी व गिरीपुष्प अधिक योग्य ठरतात. गिरीपुष्पाचा वास जनावरांना प्रारंभी रुचत नाही. पाला सुकवून दिल्यास ती तो स्वीकारतात.

निष्कर्ष :
पाला आवडीने खाल्ला जाणे हा वाढीचा पुरावा नव्हे. महाविद्यालयीन प्रकल्पांत दिलेली व उरलेली वैरण शुष्क वजनावर मोजावी, पाला न दिलेला तुलनागट ठेवावा आणि ठरावीक अंतराने वजन नोंदवावे. असे केल्यासच बांधावरचा पाला पशुपालकाचा खुराकावरील खर्च खरोखर वाचवितो का, याचे विश्वासार्ह उत्तर मिळेल.