‘त्रिंकोमाली’ची दोरबांधणी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे आज जतन करून ठेवलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधली गेली, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असावयास हवी तितकी नाही. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाचा तुटवडा पडल्याने ब्रिटिश आरमारी खात्याने १८१२ मध्ये ही फ्रिगेट सागवानात बांधण्याचा हुकूम मुंबईला दिला. परंतु तिचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत नष्ट झाल्यामुळे नकाशे पुन्हा पाठवावे लागले, आणि अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. अशा नौकेची लाकडी प्रतिकृती करू इच्छिणाऱ्याला सांगाडा, फळ्या आणि तोफा जागच्या जागी बसल्या म्हणजे काम संपत आले असे वाटते. वस्तुतः दोरबांधणीचे मोठे काम तेथून पुढे सुरू होते.

शिडाच्या जहाजावरील दोर वरवर पाहता एक गुंतागुंतीचे जाळे दिसतात, पण त्यांचे दोन स्पष्ट वर्ग आहेत. पहिला वर्ग स्थिर दोरांचा: डोलकाठ्यांना पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी ताणून उभे ठेवणे हे त्यांचे कार्य, आणि ते सतत वाऱ्यापावसात राहावयाचे म्हणून त्यांना डांबर पाजलेले असे, म्हणूनच प्रतिकृतीवर ते काळपट रंगाचे घेतात. दुसरा वर्ग चल दोरांचा: शिडांच्या आडव्या काठ्या उचलणे, वाऱ्याच्या दिशेनुसार फिरवणे, शीड पसरणे वा गोळा करणे ही कामे खलाशी कप्प्यांतून ओवलेल्या या दोरांनी करीत, आणि ते फिकट, तागासारख्या रंगाचे दाखवतात. हा भेद मनात पक्का ठसला की त्या जाळ्यात एकदम व्यवस्था दिसू लागते.

यानंतरचा प्रश्न जाडीचा. डेव्हिड स्टील यांनी १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोरबांधणीवरील ग्रंथात निरनिराळ्या दर्जाच्या जहाजांसाठी दोरांची मापे कोष्टकांत दिलेली आहेत, आणि त्या काळाच्या प्रतिकृती करणाऱ्यांना ती आजही प्रमाण वाटतात. मात्र आरमारी दप्तरात दोराचे माप त्याच्या परिघाने सांगत असत, व्यासाने नव्हे, हे विसरून चालत नाही. सहा इंची म्हणून नोंदलेल्या दोराचा व्यास जेमतेम दोन इंच भरतो. १:६४ प्रमाणाच्या प्रतिकृतीवर, जेथे ‘त्रिंकोमाली’चा सुमारे दीडशे फुटी तोफांचा डेक अवघा अठ्ठावीस इंचांचा होतो, त्या दोरासाठी पाऊण मिलिमीटरचा धागा पुरतो, परिघालाच व्यास समजणारा मनुष्य तेथे त्याच्या तिपटीहून जाड धागा बांधील, आणि साऱ्या नौकेची नजाकत त्या एका गैरसमजाने नाहीशी होईल.

बांधणीचा क्रमही खऱ्या गोदीतल्यासारखाच, खालून वर आणि मध्यापासून बाहेर असा ठेवावा लागतो, कारण बाहेरचे दोर आधी लागले तर आतल्या गाठीपर्यंत चिमटा पोहोचत नाही. डोलकाठीच्या माथ्यावरून खाली येणाऱ्या बाजूच्या दोरांच्या जोड्या पूर्वी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे अशा आळीपाळीने चढवीत, आणि प्रतिकृतीतही तसेच करणे श्रेयस्कर. एकच बाजू आधी पुरी ताणली तर ती बारीक काठी त्या अंगाला वाकते. या प्रत्येक दोराच्या तळाशी तीन भोकांची जाड लाकडी चकती असते, तशीच दुसरी चकती नौकेच्या कुशीला बसवलेली असते, आणि दोहोंतून ओवलेल्या पातळ दोरीने ताण कमीअधिक करता येतो. सर्व चकत्या एका रेषेत याव्यात म्हणून ठरावीक अंतराचा तारेचा आकडा दोन चकत्यांच्या मध्ये तात्पुरता अडकवून मगच गाठ पक्की करावी.

खरी कसोटी लागते ती खलाशांना वर चढण्यासाठी या दोरांवर आडव्या बांधलेल्या पायऱ्यांपाशी. मूळ जहाजावर त्यांच्यात साधारण पंधरा इंचांचे अंतर धरले तर प्रतिकृतीवर ते सहा मिलिमीटर होते. म्हणून त्या अंतराने रेघा आखलेला कागद दोरांच्या मागे लावतात, धागा मेणावरून ओढून त्याचे तंतू बसवतात, आणि मग मधल्या प्रत्येक उभ्या दोराभोवती दुहेरी फासाची गाठ मारीत जातात. गाठ घट्ट हवी, पण दोन गाठींमधला धागा ताठ ओढलेला नको. तो किंचित सैल न राहिला तर उभे दोर आत खेचले जाऊन शिडीला डमरूचा आकार येतो. शेवटी पातळ केलेल्या गोंदाचा एक थेंब पुरतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत सुती आणि लिननचे धागे ओल शोषून ताण बदलतात, म्हणून हे काम कोरड्या ऋतूत करणे आणि प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवणे हिताचे.

चल दोरांच्या बाबतीत तर प्रत्येक दोर कोठून निघतो, कोणत्या कप्पीतून जातो आणि कोणत्या खुंटीला गुंडाळला जातो हे आधी कागदावर मांडल्यावाचून हात घालूच नये. त्याचबरोबर नौकेचे कोणते वर्ष दाखवावयाचे हेही ठरवावे लागते, कारण १८१७ ची अडतीस तोफांच्या दर्जाची ‘त्रिंकोमाली’ पुढे १८४० च्या दशकात सव्वीस तोफांची कॉर्व्हेट होऊन समुद्रावर गेली, आणि दोन काळांचा तपशील एका प्रतिकृतीत मिसळला तर ती कोणत्याच काळाची राहत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. दोरबांधणी हे त्या जहाजाचे यंत्र होते: सागवानी सांगाडा तरंगू शकत होता, परंतु वाऱ्याचे बळ डोलकाठ्यांवरून सांगाड्याकडे नेऊन त्याला हव्या त्या दिशेने चालविण्याचे सामर्थ्य या दोरांत होते. हे यंत्र ग्रंथातून वाचून समजते त्याहून कितीतरी अधिक एकेक गाठ बांधून समजते. चुकीच्या मार्गाने नेलेला दोर दुसऱ्याला अडतो, आणि तो का अडला याचा शोध घेताना दोनशे वर्षांपूर्वीच्या खलाशाने तो तसा का नेला नसेल याचे उत्तर मिळते. म्हणून प्रतिकृती पुरी झाल्यावर ती शोभिवंत दिसते की नाही हे नंतर पाहावे. प्रथम कोणत्याही दोरावर बोट ठेवून त्याचे काम सांगता येते की नाही हे पाहावे. ते सांगता आले तर मुंबईच्या त्या फ्रिगेटची दोरबांधणी आपल्याला खऱ्या अर्थाने उमगली असे खुशाल समजावे.