पाळणाघराची फी नेमकी कुणाच्या पगारातून?

ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि जे लोक इअरफोन घरी विसरल्यामुळे बसमध्ये उभ्याने हा भाग वाचतायत त्यांचंही. आजच्या भागाचा हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना झालेले 'अं...' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकलीय.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. मूल झालं, आता त्याला सांभाळायचा खर्च कसा भागवायचा? मी यातला तज्ज्ञ वगैरे नाही. चिंचवडमध्ये भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहणारा, अडीच वर्षांच्या मुलीचा बाप आहे. या विषयात मी एक मोठी चूक केली होती, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

मी काय बोलून बसलो होतो

लेक वर्षाची होत आली तेव्हाची गोष्ट. एका रात्री मी आणि बायको वही घेऊन बसलो. तिचा हातात येणारा पगार ३२,००० आणि माझा ४८,०००. तिच्या ऑफिसजवळचं पाळणाघर महिन्याला १२,००० म्हणत होतं. वर डायपर, डबा, रिक्षा असे ३,०००. तिचा जाण्यायेण्याचा आणि बाहेरच्या खाण्याचा खर्च ४,०००. मी बेरीज-वजाबाकी केली आणि म्हणालो, "अगं, उरतायत फक्त १३,०००. एवढ्यासाठी कशाला ही धावपळ? सोड ना दोन-तीन वर्षं नोकरी."

ती काही बोलली नाही. वही मिटली आणि भांडी घासायला गेली. मला वाटलं, पटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता तिने विचारलं, "सगळा खर्च माझ्याच पगारातून का वजा केलास? मुलगी एकटीची आहे का माझी?"

काय उत्तर देणार?

हिशोब परत मांडला

आता तोच हिशोब नीट करून बघू. तुम्हीही तुमचे आकडे टाकून बघा. शहर बदललं की आकडे बदलतात, पण पद्धत तीच राहते.

पाळणाघर आणि मुलीचा बाकीचा खर्च मिळून १५,०००. हा तिच्या ३२,०००मधून काढला तर जवळजवळ अर्धा पगार गेला असं दिसतं. आमच्या दोघांच्या मिळून ८०,०००मधून काढला, तर पाचव्या हिश्श्याहूनही कमी. खर्च तोच आहे. पण पहिल्या पद्धतीत प्रश्न पडतो, "हिने नोकरी सोडावी का?" आणि दुसऱ्या पद्धतीत पडतो, "घरातलं काय कमी करता येईल?" उत्तरं पूर्ण वेगळी येतात.

दुसरी गोष्ट, हातात न दिसणारे पैसे. तिच्या पगारातून १,८०० पीएफला जात होते आणि तेवढेच कंपनी भरत होती. म्हणजे महिन्याला ३,६०० रुपये तिच्या पीएफ आणि पेन्शनच्या नावावर जमा होत होते, आणि आमच्या वहीत ते कुठेच नव्हते. ते धरले तर 'फक्त १३,०००'चे १६,६०० होतात. वर्षाचे जवळपास दोन लाख!

तिसरी गोष्ट तर माझ्या डोक्यातही नव्हती. ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत त्यासाठी सलग पाच वर्षं भरावी लागतात. हिची चार वर्षं आणि दोन महिने झाले होते. बेसिक १५,००० धरला, तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण ४३,००० होते. मी तिला दहा महिने आधी ती सोडायला सांगत होतो!

आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाळणाघराचा खर्च दोन-तीन वर्षांचा आहे. बायको तीस वर्षांची आहे, पुढे पंचवीस-अठ्ठावीस वर्षं तिला काम करायचंय. मधली तीन वर्षं गेली की तीन वाढी जातात, आणि परत येताना बऱ्याचदा जुन्या पगारावर किंवा त्याहून खाली यावं लागतं.

याचा अर्थ कुणी नोकरी सोडूच नये असं मी म्हणत नाहीये. मूल आजारी असेल, कामात जीव रमत नसेल, घरी राहावंसं वाटत असेल, तर जरूर सोडा. आई सोडू शकते, बाबाही सोडू शकतो. फक्त चुकीच्या वजाबाकीमुळे सोडू नका.

'आई आहे ना!'

आता आपल्याकडचा सगळ्यात लाडका उपाय. आजी.

मातृत्व रजा २६ आठवड्यांची. ती संपली तेव्हा लेक साडेपाच महिन्यांची होती. माझी आई कऱ्हाडहून 'दोन महिन्यांसाठी' आली आणि सात महिने राहिली. मी ऑफिसमध्ये ऐटीत सांगायचो, "आमचा सांभाळायचा खर्च शून्य."

एक दिवस लवकर घरी आलो. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर आई बसलेली, मांडीवर लेक झोपलेली, बाजूला भाजीची पिशवी. म्हणाली, "काही नाही रे, जरा गुडघा धरला. ही झोपली म्हटलं, बसू जरा." किती वेळ बसली होती कोण जाणे. तिकडे कऱ्हाडला बाबा खानावळीचा डबा खात होते. तिचं भजनी मंडळ सुटलं होतं. भिशीतल्या बायका फोन करून करून थकल्या होत्या.

तेव्हा कळलं, खर्च शून्य नव्हताच. तो आई भरत होती.

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. सकाळी अर्धा दिवस पाळणाघर, त्याचे ६,०००. दुपारी आणून जेवू घालून झोपवायचं काम आजीचं. रविवारी आजीला पूर्ण सुट्टी. दर तीन महिन्यांनी ती महिनाभर गावी जाणार, आणि तेव्हा आम्ही पूर्ण दिवसाची फी भरणार किंवा आळीपाळीने रजा टाकणार. शिवाय दर महिन्याला तिच्या खात्यात ३,०००. ती आधी चिडलीच. "नातीला सांभाळायचे पैसे घेऊ का मी?" मी म्हटलं, "पगार नाही गं, तुझी भिशी समज." आता गुपचूप आरडी भरते त्यातून.

ज्यांच्या घरी आजी-आजोबा सांभाळतायत त्यांनी आज रात्री एक प्रश्न नक्की विचारा. "तुम्हाला झेपतंय का?" आणि उत्तर 'हो' आलं तरी परत एकदा विचारा.

कंपनीला विचारलंत का?

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. रजा २६ आठवड्यांची झाली ती तेव्हाच. पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा मिळते. त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आली. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने ठरावीक अंतरात पाळणाघराची सोय करायला हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन यायची मुभा द्यायला हवी. या चारमध्ये तिची विश्रांतीची सुट्टी धरलेली असते. नोकरीवर रुजू होताना या सोयींची माहिती लेखी द्यायची, हेही त्यात आहे. रजा संपल्यावर काम घरून करण्यासारखं असेल तर दोघांच्या संमतीने तसं ठरवता येतं. ५० कर्मचाऱ्यांची ही पाळणाघराची अट २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे.

५० कर्मचारी म्हणजे ५० बायका नव्हेत हं! सगळे मिळून ५०.

बायकोने एचआरला विचारलं, तर उत्तर आलं, "आपल्याकडे तसं काही नसतं." मग तिने लहान मुलं असलेले आणखी चौघं गोळा केले, त्यात दोन बाबा होते. सगळ्यांनी मिळून एक साधा, नम्र ईमेल लिहिला, कलम वगैरे नमूद करून. दीड महिना काहीच हललं नाही. मग कंपनीने गेटजवळच्या एका पाळणाघराशी बोलणी केली आणि निम्मी फी भरायला तयार झाली. सगळीकडे असंच होईल असं नाही. फी किती आणि कुणी भरायची हे स्पष्ट विचारून घ्यावं लागतं. पण एकट्याने विचारण्यापेक्षा पाच जणांनी विचारलेलं बरं, एवढं नक्की.

सरकारी नोकरीत असाल तर बालसंगोपन रजेची चौकशी करा. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत दोन मुलांसाठी मिळून ७३० दिवसांपर्यंत ही रजा मिळू शकते.

अंगणवाडीकडे एकदा बघा तरी

'अंगणवाडी आपल्यासाठी नसते' असं शहरात आपण उगाच धरून चालतो. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झाली, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षण आणि आहार तिथे मोफत असतो. दिवसभराची सोय तिथे होत नाही, काही तासांचीच होते. पण ते काही तास खासगी प्लेग्रुपला पर्याय ठरू शकतात.

दिवसभर लागत असेल तर 'पाळणा' नावाची केंद्राची योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, महिन्यातले २६ दिवस, रोज साडेसात तास. सगळीकडे ती सुरू नाही. जवळच्या अंगणवाडी सेविकेला किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारा. खरी माहिती तिथेच मिळते.

दोन घरं, एक ताई

आमच्या सोसायटीतल्या दोन कुटुंबांनी केलेली युक्ती मला फार आवडली. दोघांची मुलं दीड-दीड वर्षाची. वेगवेगळी ताई ठेवली तर प्रत्येकी १५,०००. त्यांनी मिळून एकच ताई ठेवली आणि तिला १८,००० ठरवले, कारण मुलं दोन. प्रत्येकाला पडले ९,०००. एक आठवडा याच्या घरी, एक आठवडा त्याच्या.

हे टिकलं, कारण सुरुवातीलाच कागदावर लिहिलं होतं. एक मूल आजारी पडलं तर काय? ताईची महिन्याची भरपगारी सुट्टी किती? दिवाळीचा बोनस कोण किती देणार? उशीर झाला तर? पोलीस पडताळणी आधीच करून घेतली होती.

आणि एक विचार मनात राहू द्या. आपलं मूल सांभाळणाऱ्या ताईचंही मूल कुठेतरी असतं. या ताईंचा मुलगा तीन वर्षांचा आहे, सकाळी अंगणवाडीत आणि नंतर शेजारणीकडे असतो. आपला खर्च कमी करायचा म्हणून तिच्या पगाराला कात्री लावली, तर आपलं ओझं आपण आणखी एका आईच्या डोक्यावर ठेवतो.

पटापट काही गोष्टी

पाळणाघर ठरवताना फक्त महिन्याची फी विचारू नका. अनामत रक्कम परत मिळते का? दरवर्षी प्रवेश शुल्क आहे का? उशिरा न्यायला आलात तर तासाला किती? शनिवारचे वेगळे लागतात का? मूल पंधरा दिवस आलं नाही तर पूर्ण फी की निम्मी? आम्हाला पहिल्याच महिन्यात उशिराचे ९०० रुपये बसले, ट्रॅफिकच्या कृपेने.

कर वाचतो का? तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर ज्याला आपण ८०सी म्हणून ओळखतो, त्या दीड लाखाच्या मर्यादेत दोन मुलांपर्यंतची शिकवणी फी धरता येते. नर्सरी, प्लेस्कूलची शिकवणी फी त्यात चालते. नुसती सांभाळायची फी, जेवण, बस, देणगी चालत नाही. म्हणून पावतीवर शिकवणी फी वेगळी दाखवायला सांगा. नवीन पद्धतीत ही सूट नाही.

आणि बाळ यायच्या आधी चार-पाच महिने फीएवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाकून बघा. सवयही होते आणि अनामत भरायला पैसेही साठतात.

शेवटचं

आमच्या त्या वहीचं नवीन पान आता असं आहे. वर लिहिलंय 'लेकीचा खर्च'. खाली दोन रकाने, तिचा आणि माझा. ज्याचा जेवढा पगार त्या प्रमाणात वाटा. सकाळी सोडायला मी जातो, आणायला आजी. बायकोची पाच वर्षं भरली, त्या दिवशी ती पेढे घेऊन आली होती. मला दिला आणि म्हणाली, "घे, तुझ्या १३,०००चा."

खाल्ला मी मुकाट्याने.

तुमच्या घरी हा खर्च कोण भरतं? पैशाने, रजेने की गुडघ्यांनी? व्हॉइस नोट पाठवा, चांगल्या युक्त्या पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि आजीला आज चहा तुम्ही करून द्या. भेटू!