परदेशी निघालेले घर : कंटेनरमध्ये काय भरावे, काय मागे ठेवावे

आपल्या वसई धर्मप्रांतातील अनेक कुटुंबे परदेशी कायमच्या वास्तव्यासाठी जात असतात. व्हिसा हाती आला की घरातील सामानाचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून त्याविषयी काही माहिती आम्ही येथे देत आहोत.

सामान समुद्रमार्गे पाठविण्याचे दोन प्रकार आहेत. २० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. तो संपूर्ण भाड्याने घेता येतो. सामान थोडे असल्यास ते इतरांच्या मालाबरोबर जाते आणि आकारणी व्यापलेल्या जागेनुसार होते. मात्र अशा वेळी कंटेनर भरेपर्यंत थांबावे लागते.

विमा अवश्य उतरवावा. जहाज वाचविण्यासाठी झालेल्या असाधारण खर्चात मालाच्या सर्व मालकांनी वाटा उचलावा, असा सागरी व्यापाराचा जुना नियम आहे. स्वतःचा माल सुखरूप असला तरी तो चुकत नाही. २०२१ साली सुवेझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ जहाज अडकले, तेव्हा हाच नियम लागू करण्यात आला होता. विम्यात या वाट्याची तरतूद आहे की नाही, ते पाहून घ्यावे.

प्रस्थानापूर्वी किमान १२ महिने आपल्या मालकीचे व वापरातील सामान ऑस्ट्रेलियात करमुक्त नेता येते. म्हणून निघण्याच्या तोंडावर नव्या वस्तूंची खरेदी करण्यात शहाणपण नाही. प्रत्येक खोक्यास क्रमांक देऊन आतील वस्तूंची यादी करावी.

तेथील जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. धान्याचा नाश करणाऱ्या खापरा किड्याच्या भीतीने २०२० पासून तांदूळ, हरभरा, मसूर, जिरे, धणे, सुक्या मिरच्या यांसारखे जिन्नस घरसामानातून पाठविण्यास बंदी आहे. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेली झावळी, नाताळच्या गोठ्यातील गवत, लाकडी क्रूस याही वनस्पतिजन्य वस्तूच होत. त्या जाहीर कराव्या लागतात. पादत्राणे व सायकली माती काढून स्वच्छ कराव्यात. सामान बांधण्यासाठी पेंढा किंवा फळांचे जुने खोके वापरू नयेत.

आता सर्वांत नाजूक बाब. आपल्या काही जुन्या घरांत पणजोबांच्या काळापासून पूजिलेल्या संतांच्या लाकडी मूर्ती व वेद्या आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षे वा अधिक जुन्या पुरावस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तपासणी करून घ्यावी. अशी मूर्ती घाईघाईत भंगारवाल्याच्या वा दलालाच्या हाती देऊ नये. ज्या मूर्तीपुढे तीन पिढ्यांनी रोजरी म्हटली, तिचा सांभाळ कोणी करावा, हे भावंडांनी एकत्र बसून ठरवावे व आपल्या धर्मगुरूंचाही सल्ला घ्यावा.

स्नानसंस्कार, दृढीकरण व विवाह यांचे दाखले कंटेनरमध्ये न टाकता स्वतःजवळच ठेवावेत. नव्या धर्मग्रामात नावनोंदणी करताना ते उपयोगी पडतात; सामान तर कित्येक आठवड्यांनी पोहोचते.

अब्राहाम हारान सोडून निघाला, तेव्हा त्याने आपली सारी मालमत्ता बरोबर घेतली, असे उत्पत्तीच्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात आपण वाचतो. वेदी मात्र त्याने बरोबर नेली नाही. कनान देशी पोहोचल्यावर ती त्याने तेथेच बांधली. परदेशी जाणाऱ्या आपल्या बांधव-भगिनींनी सामान सुटण्याची वाट न पाहता, रिकाम्या घरातील पहिल्याच संध्याकाळी एकत्र गुडघे टेकावेत, अशी आमची विनंती आहे.