पुडीवरची चिठ्ठी

‘शैवाक’ हा परिभाषेतला शब्द वर्गात उच्चारला की विद्यार्थी गोंधळतात. ‘दगडफूल’ म्हटले की गोड्या मसाल्याचा वास आठवतो आणि वस्तू कळते. बुरशी आणि शैवल यांचे हे सहजीवन. त्याला मुळे नसतात. पाणी व क्षार ते पाऊस, हवा, धूळ यांतून घेते, आणि त्यांबरोबर हवेतले विषही.

दगडफुलाच्याच कुळातले एक अमेरिकन शैवाक आहे, फ्लॅव्होपार्मेलिया बाल्टिमोरेन्सिस. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीत प्लमर्स नावाचे छोटे, दाट झाडीचे बेट आहे. आज ते एका राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात मोडते. तिथल्या खडकांवर हे पिवळसर हिरवे शैवाक वाढते. १९०० मध्ये स्थापन झालेल्या जीवशास्त्रज्ञांच्या एका मंडळाने या बेटाचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला आहे.

वनस्पतिसंग्रहात शैवाक सहसा फुलझाडासारखे कागदावर चिकटवत नाहीत. ते खडकाच्या कपचीसकट काढून, वाळवून कागदी पुडीत ठेवतात. पुडीवर चिठ्ठी असते: नाव, ठिकाण, कशावर वाढले, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. ‘कशावर’ हा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. याचे जुळे शोभणारे फ्लॅव्होपार्मेलिया कॅपेराटा बहुधा झाडाच्या सालीवर आढळते. त्यामुळे ‘खडकावर’ हा एकच शब्द ओळख पटवायला मोठा आधार देतो. नाव मात्र बदलत राहते. १९३१ मध्ये पार्मेलिया, १९७४ मध्ये स्यूडोपार्मेलिया, १९८६ मध्ये फ्लॅव्होपार्मेलिया. शेवटची दोन्ही नामांतरे मेसन हेल यांनी केली. नवे नाव आले तरी जुनी चिठ्ठी फाडायची नाही, नवी शेजारी लावायची, अशी संग्रहांची रीत आहे. कोशकारांना हेवा वाटावा! आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलीसंग्रहाच्या वह्यांत शब्द असतो, अर्थ असतो. गाव आणि तारीख बहुधा नसते.

१९६२ च्या अखेरीस बेटाजवळून महामार्गाचा पूल वाहतुकीला खुला झाला. हेल आणि जेम्स लॉरी यांनी १९७९ मध्ये दाखवले, की मोटारींच्या धुराजवळ या शैवाकाची वाढ मंदावते. दोन वर्षांनी त्यांनी जुन्या संग्रहातल्या शैवाकांमधील शिशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या पुड्या भरणाऱ्यांच्या मनात शिसे नव्हते. पण त्यांनी ठिकाण आणि तारीख लिहिली नसती, तर हाती आलेला आकडा कोणत्या गावचा, कोणत्या काळचा, हे सांगता आले नसते. पुढे पेट्रोलमधले शिसे कमी होत गेले, तसे बेटावरच्या शैवाकातलेही उतरले.