रिपोर्टवर ‘थ्री-टी’ लिहिलंय, म्हणजे कॅन्सर तिसऱ्या स्टेजचा?

मागच्या वर्षी एका रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला. तात्यांच्या, म्हणजे माझ्या मोठ्या काकांच्या, प्रोस्टेटच्या एमआरआयचा रिपोर्ट. पूर्ण पीडीएफ नव्हती, मधूनच कापलेला तुकडा. वर ‘थ्री-टी’ आणि खाली ‘पाय-रॅड्स ४’. एका चुलतभावाने लिहिलं, ‘तिसरी स्टेज आहे.’ पाच मिनिटांत दुसऱ्याने दुरुस्ती केली, ‘तिसरी नाही, चौथी.’ काकू त्या रात्री झोपल्याच नाहीत.

दोघंही चुकले होते. त्या दोन्ही आकड्यांपैकी एकही स्टेजचा नव्हता.

‘थ्री-टी’ ही मशीनची ताकद. टी म्हणजे टेस्ला, चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. तुमच्या फोनमध्ये कंपाससाठी चुंबकीय सेन्सर असतो. काही कंपास अ‍ॅप त्याचं रीडिंग मायक्रोटेस्लात दाखवतात. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या थोडं वर असतं. ३ टेस्लाचं मशीन त्याच्या साधारण ७० हजार पट. (फोन आत का नेऊ देत नाहीत, हे यावरून कळेल.)

इतकं चुंबक कशासाठी? शरीरात पाणी, पाण्यात हायड्रोजन. चुंबकाच्या जोरावर हायड्रोजनच्या केंद्रकांना शिस्त लागते, मग त्यांना रेडिओ लहरींचा धक्का दिला की ती उलट सिग्नल देतात. ३ टेस्लाला ही फ्रिक्वेन्सी सुमारे १२८ मेगाहर्ट्झ येते. आपलं एफएम १०८ ला संपतं, म्हणजे मशीन जवळपास एफएमच्या शेजारच्या बँडवर शरीर ‘ऐकतं’. एक्स-रे किंवा सीटीसारखं रेडिएशन यात नसतं.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढलं की ती मोठी होते, त्यामुळे आकारावरून कॅन्सर ओळखता येत नाही. म्हणून एकाच जागेचे वेगवेगळ्या पद्धतींनी फोटो काढतात. टी-टू नावाच्या फोटोत ग्रंथीचा बाहेरचा, द्रवाने भरलेला भाग पांढरा दिसतो आणि गाठ काळपट. बहुतेक कॅन्सर याच बाहेरच्या भागात सुरू होतात, हे सोयीचं. (हा ‘टी-टू’ फोटोचा प्रकार आहे, स्टेज नाही. गोंधळ घालायला तिसरा टी!)

मला सगळ्यात आवडलेला प्रकार डिफ्युजनचा. त्यात पाण्याचे रेणू किती मोकळे हिंडतात ते मोजतात. पहाटेच्या शिवाजी पार्कात माणूस कुठूनही कुठेही जाऊ शकतो. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये हातसुद्धा हलवता येत नाही. कॅन्सरच्या पेशी अशाच खेटून वाढतात, त्यामुळे त्यांच्यामधलं पाणी अडकतं आणि ती जागा नकाशावर उठून दिसते. तिसऱ्या प्रकारात शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन रक्त कुठे लवकर पोचतं ते बघतात.

हे सगळं बघून रेडिओलॉजिस्ट १ ते ५ मध्ये एक गुण देतो, तो पाय-रॅड्स. उपचार लागेल असा कॅन्सर तिथे असण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. ४ म्हणजे ‘शक्यता जास्त, बायोप्सी करा’. कॅन्सर आहे की नाही हे बायोप्सीच ठरवते. एमआरआय शक्यतो बायोप्सीच्या आधी करतात, कारण सुईने झालेला रक्तस्राव काही आठवडे फोटोत गाठीसारखा दिसू शकतो.

स्टेजची टी वेगळी. टी-२ म्हणजे कॅन्सर ग्रंथीच्या आतच. टी-३ए म्हणजे ग्रंथीच्या आवरणाबाहेर पडलेला, टी-३बी म्हणजे शेजारच्या वीर्यकोशात शिरलेला, टी-४ म्हणजे मूत्राशय, गुदाशय अशा आजूबाजूच्या अवयवांत गेलेला. एमआरआयमध्ये आवरणाला फुगवटा आलाय का, कड अस्पष्ट झालीय का, गाठ आवरणाला किती लांब चिकटलीय, हे बघतात. ऑपरेशनमध्ये बाजूच्या नसा वाचवता येतील का, याचं उत्तर बरंचसं यावर ठरतं. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक आयुष्य या नसांशी जोडलेलं असतं. घरात कुणी हे मोठ्याने बोलत नाही, पण पेशंटला तेच विचारायचं असतं.

आता मर्यादा. एक काप साधारण ३ मिलिमीटर जाडीचा. तेवढ्या जाडीत जे काही असेल त्याची सरासरी एका ठिपक्यात येते. आवरणातून केसाएवढी वाट काढून बाहेर पडलेल्या पेशी त्यात हरवतात. २०१६ साली ७५ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा बघा: कॅन्सर खरंच आवरणाबाहेर गेला होता, त्यातल्या सुमारे ५७ टक्केच रुग्णांत एमआरआयला तो दिसला. उलट, तो बाहेर गेला नव्हता त्यातल्या ९१ टक्के रुग्णांत एमआरआयनेही ‘नाही’च सांगितलं. थोडक्यात, ‘बाहेर गेलाय’ म्हटलं तर गंभीरपणे घ्या, ‘आत आहे’ म्हटलं तर थोडी जागा सोडून ऐका. लसिका ग्रंथींचं तर मुख्यतः आकारावरूनच ठरवतात. आकार न वाढवता बसलेला कॅन्सर सुटू शकतो, म्हणून धोका जास्त असेल तर पीएसएमए पेट स्कॅन सांगतात.

तात्यांच्या बायोप्सीत कॅन्सर निघाला. एमआरआयप्रमाणे तो आतच होता, टी-२. ऑपरेशन झालं. काढलेली ग्रंथी मायक्रोस्कोपखाली गेली तेव्हा एका ठिकाणी आवरण अगदी थोडं ओलांडलेलं दिसलं, म्हणजे टी-३ए. चुलतभाऊ म्हणाला, ‘बघ, मी तिसरी म्हणालो होतो!’ त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

डॉक्टरांनी आणखी उपचार लगेच सुरू केले नाहीत, दर तीन महिन्यांनी पीएसए तपासायला सांगितलं. आतापर्यंतच्या दोन्ही तपासण्यांत तो मोजता येण्याच्या खाली आहे. रिपोर्ट काकूच ग्रुपवर टाकतात. अख्खी पीडीएफ.