उरणचा दगडी हत्ती आणि गिरणगावची राणीबाग

मुंबईला जाऊन राणीबाग न पाहिलेला माणूस आपल्यात विरळाच. पोरं वाघ बघतात, आपण झाडाखाली शिदोरी सोडतो. पण ही बाग झाली कशी, आणि उरण तालुक्याचं तिच्याशी नातं काय, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. मग धुराडी वाढली, वस्ती दाटली. त्या काळी शेती-बागायतीची एक संस्था मुंबईत होती, १८३० साली स्थापन झालेली. तिची जुनी बाग शिवडीला होती. तिथे पुढे दफनभूमी झाली. नव्या बागेसाठी भायखळ्याला ३३ एकर जागा मिळाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांनी तिचे उद्घाटन केले. नाव पडले व्हिक्टोरिया गार्डन. लोकांनी केली राणीबाग. आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे.

उरण तालुक्यातल्या घारापुरीला राजबंदराजवळ एक दगडी हत्ती होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो विलायतेला न्यायला काढला, तेव्हा पडून फुटला. त्याचे तुकडे राणीबागेत आले आणि १९१४ साली जोडून उभे केले. उरणकर मंडळींनी तिथे गेल्यावर आपल्या या गाववाल्याला भेटून यावे!

बाग करणे सोपे, राखणे अवघड. संस्थेला खर्च पेलेना, म्हणून १८७३ साली बाग नगरपालिकेकडे गेली. पालिकेने ती सांभाळली, म्हणून आज गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती अशी झाडं तिथे पाहायला मिळतात. आसपासच्या गिरण्या बंद पडल्या. बागेची सावली मात्र टिकली.

खुद्द उरणला १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले. भातखाचरं आणि मिठागरं गेली, कंटेनरचे ढीग आले. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत तिथल्या पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. जमीन गेली की परत येत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

आपल्या कारखान्याभोवतीही वस्ती वाढते आहे. गाळपाच्या हंगामात तोडणी कामगारांची पोरं उसाच्या गाड्यांमध्ये खेळतात. मोकळी जागा शिल्लक आहे तोवरच दोन-चार एकर बागेसाठी राखावी आणि देखभालीची तरतूद त्याच ठरावात करावी, असं आम्हाला वाटतं. वार्षिक सभेला येताना सभासदांनी यावर विचार करून यावे.