कांद्याचा भाव आणि अर्थशास्त्राची शाळा

बीजप्रक्रिया कशी करायची, मातीचा नमुना कुठून घ्यायचा, हे आम्ही कृषी खात्याची माणसं तुम्हाला वर्षानुवर्षं सांगत आलो. पण माल घरात आल्यावर त्याचा भाव कसा ठरतो आणि त्यात सरकारी कागदाचा हात किती, हे सांगायला गावात सहसा कुणी येत नाही. आमच्या पदविकेतही हा विषय घाईघाईने उरकला जायचा.

हा विषय शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत मांडणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून १९७६ साली परत आले आणि त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. स्वतः शेती करून हिशेब मांडला, तर खर्चच निघेना. पुढे शेतकरी संघटना उभी राहिली, १९८० मध्ये कांदा आणि उसाची आंदोलनं झाली. आंदोलनं सगळ्यांच्या लक्षात आहेत. आंबेठाणची प्रशिक्षण शिबिरं मात्र विसरली जातात. मला विचाराल तर खरं काम तिथं झालं. एकरी खर्च कसा मांडायचा, घरच्या माणसांची मजुरी त्यात का धरायची, हे तिथं शेतकऱ्याला कळायचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की भाव मिळत नाही हा नशिबाचा किंवा निव्वळ दलालाचा खेळ नाही. लेव्ही, जिल्हाबंदी, निर्यातबंदी, साठ्यावरची मर्यादा या हत्यारांनी तो मुद्दाम खाली ठेवला जातो. साठ्यावर मर्यादा घालणारा जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे आणि तो अजून लागू आहे.

कापसाचं उदाहरण जुन्या मंडळींना चांगलं आठवत असेल. १९७२-७३ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. हेतू वाईट नव्हता. व्यापाऱ्याच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा, त्याला हमीभाव मिळावा, असा होता. पण एकदा खरेदीदार एकच ठरला, की पलीकडच्या राज्यात जास्त भाव असला तरी आपला कापूस तिथं विकणं हा गुन्हा! मग रात्री-अपरात्री गाड्या सीमेपार जायच्या आणि नाक्यावर अडवल्या जायच्या. याउलट बाहेर भाव पडला, की बाहेरचाच कापूस आपल्या केंद्रावर यायचा आणि योजना तोट्यात. विकायचं कुणाला हे शेतकऱ्याच्या हातात नव्हतं. तोटा मात्र शेवटी सगळ्यांच्या खिशातून गेला.

आता कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात बंदच झाली. मे २०२४ मध्ये अटी घालून ती उघडली. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते गेलं. बंदी आली, की भाव शहरातल्या पिशवीआधी आपल्या मोंढ्यात पडतो. ज्याचं भांडवल त्यात बुडालं, तो पुढच्या हंगामाला हात आखडता घेतो. लागवड घटली, की कधीतरी टंचाई येते, भाव चढतो आणि पुन्हा बंदीची ओरड होते. परदेशातला गिऱ्हाईकही दुसरीकडे वळतो, तो वेगळाच. शहरातल्या गृहिणीला आज चार रुपये वाचलेले दिसतात. पुढच्या वर्षी न लागलेला कांदा कुणालाच दिसत नाही. फ्रान्सच्या फ्रेडरिक बास्तिया या अर्थशास्त्रज्ञाने १८५० साली नेमकं हेच सांगितलं होतं, की कायद्याचा परिणाम बघताना डोळ्यांना दिसणाऱ्यापाशी थांबू नये, न दिसणाराही शोधावा.

काहीजण म्हणतील, “खतावर, विजेवर सबसिडी मिळतेच की!” मिळते. पण जागतिक संस्था आणि आपल्याकडचे अभ्यासक यांनी मिळून २०१८ मध्ये हिशेब मांडला. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात, सबसिडी जमेस धरूनही, भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार त्याच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के निघाला. एका हाताने दिलं त्यापेक्षा दुसऱ्या हाताने जास्त काढून घेतलं, असा याचा अर्थ.

मोकळ्या बाजाराची बाजू सांगितली, की सरकारच नको असं म्हणतोय, असा गैरसमज होतो. तसं नाही. या विचाराचा मूळपुरुष ॲडम स्मिथ. त्यानेही १७७६ च्या आपल्या ग्रंथात न्याय, संरक्षण, रस्ते-पूल ही सरकारची कामं म्हणून मांडली आहेत. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. कायदा चांगलाच. पण ज्या वाडीतून पावसाळ्यात पाणंदीने टेम्पो निघत नाही, तिथं विकण्याचं स्वातंत्र्य कागदावरच राहतं. दोन एकरवाल्याला थांबायची ताकद नसते. त्याला काटा खरा हवा, पट्टी वेळेवर हवी, पैसे बुडाले तर दाद हवी. २०२० चे तीन कृषी कायदे आले, न्यायालयात अडले आणि २०२१ च्या नोव्हेंबरात संसदेने मागे घेतले. त्या साऱ्या गदारोळात बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्यांपैकी कायद्यातली कलमं किती जणांनी वाचली होती, देव जाणे.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींना एक विनंती आहे. ग्रामसभेत योजना वाचून दाखवता, तेव्हा अर्धा तास एखाद्या निर्णयावरही बोला. तो कुणी घेतला, पैसा कुणाच्या खिशातून जाणार, दोन हंगामांनंतर शिवारात काय बदलेल, हे लोकांनाच विचारा. हमीभाव मागणाऱ्यालाही विचारा, की खरेदी केंद्र उघडेपर्यंत माल ठेवायचा कुठं? शरद जोशींशी सगळ्यांचं पटावं असा आग्रह नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डंकेल प्रस्तावाला त्यांनी पाठिंबा दिला, तेव्हा इतर राज्यांतले मोठे शेतकरी नेते त्याविरुद्ध उभे होते. दोघांचीही बाजू मुलांसमोर मांडता येईल. शाळेत फळा आहेच, संध्याकाळी तो रिकामाच असतो. सुरुवातीला आपल्याच गावातल्या एक एकर कांद्याचा खर्च त्यावर लिहा. रोप, मजुरी, खत, काढणी, चाळीतली घट, भाडं, हमाली, तोलाई सगळं धरा आणि खाली मिळालेली पट्टी लिहा.